राखीव खेळाडूंची कसोटी : भारत–ऑस्ट्रेलिया मालिका, २०२०–२१

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात क्रिकेटवर अभ्यासलेख असावा काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. अभ्यास हा ज्ञानेश्वरीचा, कापसाच्या अर्थकारणाचा किंवा १८५७ च्या उठावाचा करावयाचा असतो. क्रिकेट पाहावयाचे आणि विसरावयाचे असते, असा आपल्याकडे समज आहे. परंतु इतिहासाच्या तासाला आम्हांला शिकविले जाते की, एखादी अनपेक्षित घटना घडली म्हणजे तिची कारणे शोधावीत, लोक जे कारण सांगतात ते तपासून पाहावे आणि मगच मत द्यावे. याच पद्धतीने एका कसोटी मालिकेकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

घटना अशी आहे. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेड येथे भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला. भारताच्या कसोटी इतिहासातील ही सर्वांत नीचांकी धावसंख्या होय. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर ४२ धावांत बाद होण्याची जी नामुष्की ओढवली होती, तीही या दिवशी मागे पडली. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १९ जानेवारी २०२१ रोजी, भारताने ब्रिस्बेन येथे ३२८ धावांचे लक्ष्य गाठले आणि मालिका २–१ अशी जिंकली. मधल्या महिन्यात संघ बळकट झाला होता असे म्हणावे, तर तेही नाही. विराट कोहली पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी मायदेशी परतला होता. शमी, उमेश यादव, राहुल, जडेजा, विहारी, अश्विन, बुमराह असे एकामागून एक खेळाडू जायबंदी होऊन बाहेर बसले होते. म्हणजे संघ दर सामन्यागणिक दुबळा होत गेला आणि त्याचा खेळ मात्र सुधारत गेला. हे कसे घडले?

गावाकडे याचे उत्तर ‘नशीब’ असे मिळते. वर्तमानपत्रांतून ‘जिद्द’ हा शब्द वाचावयास मिळाला. नशिबाचा मुद्दा बाजूला ठेवू, कारण नशिबावर अभ्यासलेख लिहिता येत नाही. जिद्दीविषयी मात्र माझी शंका आहे. जिद्द तर ॲडलेडलाही असणारच; त्या दिवशी कोणी हरण्यासाठी मैदानात उतरले नव्हते. मग ॲडलेडला नसलेले असे ब्रिस्बेनला काय होते, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. भारताचा संघ ऑस्ट्रेलियात प्रथम गेला तो १९४७–४८ साली, लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली. पाच सामन्यांपैकी चार आपण हरलो. परंतु जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडलाच सांगलीच्या विजय हजारे यांनी एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढली, ११६ आणि १४५. समोर ब्रॅडमन यांचा संघ होता. याच सामन्यात दत्तू फडकर यांनीही शतक केले, तरीही आपण एका डावाने हरलो! पुढे १९८१ मध्ये मेलबर्नला कपिल देवने २८ धावांत ५ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत संपविला, तेव्हा त्या भूमीवर एक मालिका बरोबरीत सुटली. आपल्या विदर्भाचाही या वैराशी जवळचा संबंध आहे. २००४ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाने ३४२ धावांनी सामना जिंकला आणि ३५ वर्षांनी भारतात मालिका जिंकली. त्या सामन्यातील खेळपट्टीवरचे गवत नागपूरकर अद्याप विसरलेले नाहीत. चार वर्षांनी, २००८ मध्ये, जामठ्याच्या नव्या मैदानावर भारताने त्याची परतफेड केली; सौरव गांगुलीची ती अखेरची कसोटी. २०१८–१९ मध्ये भारताने ऑस्ट्रेलियात प्रथमच मालिका जिंकली. त्या वेळी स्मिथ आणि वॉर्नर संघात नव्हते, म्हणून तो विजय खरा नव्हे, असे म्हणणारे तेथे पुष्कळ होते. २०२० मध्ये ते दोघेही परतले होते. असे या मालिकेचे महत्त्व होते.

आता ॲडलेड. सामना दिवस-रात्रीचा, चेंडू गुलाबी. पहिल्या डावात कोहली ७४ धावांवर सुरेख खेळत असताना अजिंक्य रहाणेने धावेसाठी हाक दिली आणि नंतर नकार दिला. कोहली धावबाद झाला. त्या क्षणी धावफलकावर ३ बाद १८८ होते, ते बघता बघता सर्वबाद २४४ झाले. तरीही ऑस्ट्रेलियाला १९१ धावांत गुंडाळून भारताने ५३ धावांची आघाडी घेतली. अश्विनने ४ आणि उमेशने ३ बळी घेतले. म्हणजे दोन दिवस आपण पुढे होतो. तिसऱ्या दिवशी हेझलवुड आणि कमिन्स यांनी जी गोलंदाजी केली, तिच्यात फलंदाजांचे दोष शोधणाऱ्यांनी ती पुन्हा एकदा पाहावी. चेंडू योग्य टप्प्यावर पडत होता, किंचित बाहेर जात होता आणि बॅटची कड घेत होता. फलंदाज चेंडूला हुकत नव्हते, आणि हेच त्यांचे दुर्दैव. हेझलवुडचे पृथक्करण ८ धावांत ५ बळी असे होते. कोणाही भारतीय फलंदाजाला दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. सर्वाधिक ९ धावा मयंक अग्रवालच्या. शेवटी कमिन्सचा चेंडू शमीच्या हातावर बसला, हाड मोडले आणि डाव तेथेच संपला.

आमच्या गावात त्या दिवशी चावडीवर जे बोलले गेले ते छापण्याजोगे नाही. त्यातले सौम्य तेवढे देतो : “एवढे तं आपल्या पोट्ट्यायनं बी काढले असते ना बे!”

ॲडलेडनंतर कर्णधारपद रहाणेकडे आले. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द हे त्याचे जन्मगाव. तो वाढला डोंबिवलीत. लहानपणी खेळाचे अवजड सामान पाठीवर घेऊन लोकलच्या गर्दीतून सरावाला जाणारा हा मुलगा स्वभावाने अबोल म्हणून प्रसिद्ध आहे. त्याने आणि संघव्यवस्थापनाने या वेळी जो पहिला निर्णय घेतला, तो मला संपूर्ण मालिकेतील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ३६ धावांत बाद झालेल्या संघातून त्याचा सर्वोत्तम फलंदाज परत गेला असता आपण काय केले असते? आणखी एक फलंदाज घेतला असता. त्यांनी कोहलीच्या जागी रवींद्र जडेजाला घेतले, म्हणजे पाचवा गोलंदाज घेतला. त्यामागचा विचार असा असावा : कसोटी जिंकावयाची तर वीस बळी मिळवावे लागतात आणि ते चार दमलेल्या गोलंदाजांपेक्षा पाच ताज्या गोलंदाजांना मिळण्याची शक्यता अधिक. भीतीने घेतलेला निर्णय याच्या नेमका उलट झाला असता.

मेलबर्नचा सामना २६ डिसेंबरला सुरू झाला. उभय देशांमधील ही शंभरावी कसोटी होती. शुभमन गिल आणि महंमद सिराज यांचे हे पदार्पण. सिराजविषयी येथेच सांगितले पाहिजे. हैदराबादला ऑटोरिक्षा चालवून ज्यांनी मुलाला क्रिकेट खेळू दिले, ते त्याचे वडील २० नोव्हेंबरला वारले. सिराज तेव्हा ऑस्ट्रेलियात विलगीकरणात होता. परत जाण्याची मुभा असतानाही तो तेथेच थांबला.

मेलबर्नच्या विजयामागे एक योजना होती व ती अभ्यासण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियात आजवर पाहुणे गोलंदाज बहुधा ऑफ स्टंपच्या बाहेर मारा करीत आणि स्लिपमध्ये झेल जाण्याची वाट पाहत. या मालिकेत भारतीय गोलंदाजांनी चेंडू सरळ यष्ट्यांवर आणि पायांवर टाकला व लेगच्या बाजूला क्षेत्ररक्षकांचे जाळे लावले. स्मिथ आणि लाबुशेन या दोघांच्या धावा मुख्यतः याच बाजूने येतात. ती बाजूच बंद केली. मेलबर्नला अश्विनला पहिल्याच तासात गोलंदाजीला आणले गेले. स्मिथ त्याच्या चेंडूवर लेग गलीत पुजाराकडे झेल देऊन शून्यावर बाद झाला. लाबुशेन ४८ धावांवर असताना सिराजच्या चेंडूवर त्याच सापळ्यात सापडला. झेल गिलने घेतला. दुसऱ्या डावात बुमराहने स्मिथचा त्रिफळा पायांमागून उडविला. पहिल्या दोन कसोटींत मिळून स्मिथच्या धावा १, नाबाद १, ० आणि ८ अशा आहेत. पुढे सिडनीला त्याने १३१ आणि ८१ धावा काढल्या, तेव्हा ही योजना म्हणजे काही मंत्र नव्हता. पण तिने संघाला परत उभे राहण्यासाठी हवा तो अवधी मिळवून दिला.

फलंदाजीत रहाणेने ११२ धावा केल्या आणि जडेजाबरोबर १२१ धावांची भागीदारी केली. या खेळीचा शेवट मला खेळीपेक्षाही मोठा वाटतो. जडेजाला अर्धशतकासाठी एक धाव हवी होती. त्या धावेसाठी दोघे धावले आणि रहाणे धावबाद झाला. अकरा दिवसांपूर्वी आपल्या कर्णधाराला धावबाद करण्याचा दोष ज्याच्या माथी आला होता, तोच आज दुसऱ्याच्या हाकेपायी बाद होत होता. चिडणे स्वाभाविक होते. रहाणे जडेजाजवळ गेला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तंबूत परतला. भारताने हा सामना ८ गडी राखून जिंकला. सामनावीर म्हणून रहाणेला जॉनी मुलाग याच्या नावाचे पदक मिळाले, ते प्रथमच दिले जात होते. १८६८ मध्ये ऑस्ट्रेलियातून इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेला पहिला संघ मूळनिवासी आदिवासींचा होता. मुलाग हा त्या संघातील नामांकित खेळाडू होय.

याच सामन्यात आपल्या विदर्भाच्या वाट्याला एक हळहळ आली. दुसऱ्या डावात उमेश यादवने सलामीच्या बर्न्सला बाद केले, आणि आपल्या चौथ्या षटकात तो पोटरी धरून लंगडत मैदानाबाहेर गेला. मालिकेपुरता त्याचा खेळ संपला.

उमेशची हकिकत आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातील एक गोष्ट पुनःपुन्हा सांगण्यासारखी आहे. नागपूरजवळ खापरखेड्याच्या बाजूला वलनी नावाची कोळसा खाण आहे. तेथील खाणकामगाराचा हा मुलगा विशीच्या उंबरठ्यापर्यंत टेनिसच्याच चेंडूने खेळत होता. पोलीस शिपायाच्या भरतीसाठी त्याने प्रयत्न केला, पण निवड झाली नाही. (अकोला, अमरावतीच्या मैदानांवर पहाटे पाचला धावणारी शेकडो मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वाक्य वेगळे समजावून सांगावयास नको.) २००८ मध्ये तो विदर्भाकडून रणजी सामना खेळला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी. विदर्भाच्या संघातून कसोटी खेळणारा तो पहिला खेळाडू होय. तोपर्यंत विदर्भ म्हणजे रणजीत इतरांना गुण मिळवून देणारा संघ, अशीच आपली ख्याती होती. वास्तविक वऱ्हाडला खेळांची परंपरा नाही असे कोणी म्हणू नये. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले होते. परंतु क्रिकेट हा मुंबई-पुण्याचा, पांढऱ्या कपड्यांचा आणि महागड्या बॅटीचा खेळ होता. आता २०१७–१८, २०१८–१९ आणि २०२४–२५ असे तीन वेळा विदर्भाने रणजी करंडक जिंकला आहे आणि अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळला आहे.

असो. उमेशच्या जागी भारतीय संघात कोणाची नेमणूक झाली? टी. नटराजनची. तमिळनाडूत सेलम जिल्ह्यातील चिन्नप्पमपट्टी हे त्याचे गाव. वडील विणकाम करणारे कामगार, आई रस्त्याच्या कडेला खाद्यपदार्थ विकणारी. मुळात तो भारतीय फलंदाजांना सराव देण्यासाठी, म्हणजे नेटमध्ये गोलंदाजी टाकण्यासाठी, संघाबरोबर गेला होता. येथे कोरोनाचा एक अनपेक्षित परिणाम दिसतो. एरवी एखादा खेळाडू जायबंदी झाला की मायदेशातून दुसरा विमानाने पाठविला जातो. विलगीकरणाच्या नियमांमुळे ते तितके सोपे राहिले नव्हते. म्हणून सरावाचे गोलंदाज आणि मर्यादित षटकांचे सामने संपल्यावर एरवी घरी गेले असते असे वॉशिंग्टन सुंदरसारखे खेळाडू तेथेच ठेवून घेतले गेले. जे केवळ दुसऱ्यांच्या सरावासाठी होते, तेच अखेरीस सामना खेळले.

सिडनीच्या सामन्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. भारतासमोर ४०७ धावांचे लक्ष्य होते आणि पाचव्या दिवशी सकाळी २ बाद ९८ असताना लगेच रहाणे बाद झाला. जडेजाचा अंगठा निखळलेला, पंतच्या कोपराला मार. तरी पंत नेहमीच्या क्रमांकाआधी आला आणि ११८ चेंडूंत ९७ धावा काढून गेला. पुजाराने ७७ धावांसाठी २०५ चेंडू घेतले. हे दोघे गेल्यावर धावफलकावर ५ बाद २७२ होते. जिंकणे शक्य नव्हते, हरणे मात्र अगदी शक्य होते. त्या वेळी हनुमा विहारीच्या मांडीचा स्नायू ताणला गेला होता आणि अश्विनची पाठ इतकी आखडली होती की त्याला खाली वाकणे जड जात होते. एकाला धावता येत नव्हते, दुसऱ्याला वाकता येत नव्हते. या दोघांनी ४२ षटकांहून अधिक काळ किल्ला लढविला. त्यांची भागीदारी ६२ धावांची. विहारी १६१ चेंडूंत नाबाद २३, अश्विन १२८ चेंडूंत नाबाद ३९. जडेजा मोडका अंगठा घेऊन पॅड बांधून बसला होता. त्याच्यावर वेळ आली नाही. सामना अनिर्णित राहिला.

ज्याला फक्त चौकार-षटकार मोजता येतात, त्याला हा खेळ कंटाळवाणा वाटेल. आमच्या वर्गातील बहुतेक मित्र या मालिकेचे श्रेय पंतला देतात. माझे मत वेगळे आहे. ब्रिस्बेनचा विजय सिडनीच्या त्या शेवटच्या तीन तासांत घडला. मालिका तेथे १–१ अशी राहिली नसती तर ब्रिस्बेनला फार तर बरोबरी साधता आली असती. पुजाराचे आकडे पाहा : चार कसोटींत ९२८ चेंडू, २७१ धावा. या चेंडूंनी कमिन्स, हेझलवुड आणि स्टार्क दमले. पंतने ज्या थकलेल्या गोलंदाजांना फटकावले, त्यांना थकविणारा माणूस वेगळा होता.

सिडनीलाच प्रेक्षकांमधून सिराज आणि बुमराह यांना वर्णद्वेषी शिवीगाळ झाली. चौथ्या दिवशी सिराज सरळ पंचांकडे चालत गेला. खेळ थांबला, सहा प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. मैदान सोडून जाण्याचा मार्ग खुला होता, तो भारतीयांनी स्वीकारला नाही. यजमान मंडळाने माफी मागितली. दुसरा सामना खेळणाऱ्या आणि घरी वडिलांचे दुःख असलेल्या या मुलाने तक्रार करावी, ती रीतसर करावी आणि मग परत जाऊन गोलंदाजी टाकावी, याचे मला विशेष वाटते. आपल्यापैकी पुष्कळांना अपमान गिळण्याची सवय असते.

ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ पासून एकही कसोटी हरला नव्हता. भारताच्या गोलंदाजीचा ताळेबंद मांडून पाहू. सिराजने पूर्वी दोन कसोटी खेळलेल्या, सैनीने एक. शार्दूल ठाकूरने एक, पण तीही नावापुरती. २०१८ मध्ये हैदराबादला दहा चेंडू टाकून तो जायबंदी झाला होता. नटराजन आणि सुंदर यांचे पदार्पण. पाच गोलंदाजांचा मिळून अनुभव चार कसोटींचा! समोर एकट्या नेथन लायनची ही शंभरावी कसोटी होती.

या सामन्याचा पहिला दिवस, १५ जानेवारी २०२१, म्हणजे आपल्याकडे ग्रामपंचायतींच्या मतदानाचा दिवस. गावात क्रिकेटची चौकशी करण्यास कोणाला सवड नव्हती. मी तेव्हा नववीत होतो. हरभऱ्यात रोही आणि डुकरे शिरत, म्हणून बाबांबरोबर मी जागलीला जात असे. खेळ साडेपाचला सुरू होई. शेताच्या धुऱ्यावर एका ठिकाणीच मोबाईलला रेंज येत असे, तेथे घोंगडी पांघरून मी बसे. बाबा म्हणत, “काहून पाहून राह्यला रे थंडीत? छत्तीसमंदी गेलेले लोक हायेत ते.” तिसऱ्या दिवशी भारताचे ६ बाद १८६ झाले, तेव्हा बाबांचेच खरे ठरणार असे वाटले.

तेथून सुंदर आणि शार्दूल यांनी १२३ धावांची भागीदारी केली. पालघरचा शार्दूल. मुंबईत क्रिकेट खेळावयाचे म्हणून रोज पहाटे गाडी पकडणाऱ्या मुलांपैकी हा एक. या डावातील पहिलीच धाव त्याने षटकाराने काढली, आणि तीही कमिन्सला! तो ६७ वर आणि सुंदर ६२ वर बाद झाला. ऑस्ट्रेलियाची आघाडी केवळ ३३ धावांची उरली. दुसऱ्या डावात सिराजने ७३ धावांत ५ बळी घेतले, त्यांत स्मिथ आणि लाबुशेन दोघेही. शार्दूलने ४.

शेवटच्या दिवशी ३२४ धावा हव्या होत्या. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीचे निकाल लागले होते, गावात सगळीकडे गुलाल आणि आदल्या रात्रीची सुस्ती होती. रोहित शर्मा लवकर बाद झाला. गिलने ९१ धावा केल्या, आणि त्या अशा केल्या की वेगवान चेंडू हा घाबरण्याचा नसून खेळण्याचा विषय आहे असे वाटावे. दुसऱ्या टोकाला पुजारा. त्या दिवशी चेंडू अकरा वेळा त्याच्या अंगावर आदळला : हेल्मेटवर, बरगड्यांवर, बोटांवर. बोटावर बसला तेव्हा तो बॅट टाकून खाली पडला, उठला आणि पुन्हा उभा राहिला. त्याने ५६ धावांसाठी २११ चेंडू घेतले. चहापानाला ३ बाद १८३. आता १४५ धावा आणि ३७ षटके. कोणीही शहाणा कर्णधार येथे बरोबरीचा विचार करील. रहाणेने २२ चेंडूंत २४ धावा काढून आपला इरादा दाखवून दिला होताच. पंतने तो पुढे नेला. शेवटी हेझलवुडच्या चेंडूवर पंतने समोर चौकार मारला, तेव्हा तीन षटके शिल्लक होती. ७ बाद ३२९. पंत नाबाद ८९. जागलीवरून घरी येऊन बाबा केव्हाचे माझ्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावत होते. ते एवढेच म्हणाले, “आता चाल जेवाले.”

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या मालिकेत भारताने एकूण वीस खेळाडू खेळविले. चारही सामने खेळलेले फक्त दोन, रहाणे आणि पुजारा. पाच जणांनी पदार्पण केले. हे नवे लोक आकाशातून पडले नव्हते. गिल, पंत, विहारी, सुंदर, सिराज हे सारे भारत ‘अ’ किंवा १९ वर्षांखालील संघांतून घडलेले होते. २०१५ पासून चार वर्षे त्या संघांना राहुल द्रविड शिकवीत होता. ‘अ’ संघाचे सामने पाहण्यास प्रेक्षक नसतात, वर्तमानपत्रांत त्यांना दोन ओळी मिळतात. शार्दूल दहा चेंडूंनंतर दोन वर्षे कसोटीसाठी थांबला होता. सुंदर तीन वर्षे प्रथम श्रेणीचा सामनाच खेळला नव्हता, पण नेटमध्ये रोज बुमराह-शमीला खेळत होता. नटराजन परदेशात गेला तोच दुसऱ्यांच्या सरावासाठी. ‘जिद्द’ या एका शब्दाखाली आपण ही सर्व वर्षे झाकून टाकतो. पाहणाऱ्याला ब्रिस्बेनचा एक दिवस दिसतो आणि तो चमत्कार वाटतो. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच आहे. “पोरात जिद्द होती म्हणून पोचलं” असे लोक माझ्याविषयीही प्रेमाने बोलतात. त्यामागे आईने वेचलेला कापूस आणि बाबांच्या जागलीच्या रात्री आहेत, हे त्या वाक्यात येत नाही. म्हणून या शब्दाविषयी मी जरा सावध असतो.

आणखी एक बाजू आहे आणि ती तितकीशी सुखद नाही. राखीव खेळाडूंनी ही मालिका जिंकून दिली. पुढे त्यांचे काय झाले? गिल २०२५ मध्ये भारताचा कसोटी कर्णधार झाला. सिराज, सुंदर, पंत यांनी आपली जागा मिळविली. परंतु विहारी ब्रिस्बेनला खेळू शकला नाही आणि पुढे संघात टिकला नाही. सैनीच्या नावावर दोनच कसोटी राहिल्या, त्या दोन्ही याच मालिकेतील. उमेश बरा होऊन परतला. जून २०२३ मध्ये ओव्हलवर तो शेवटची कसोटी खेळला, तोवर ५७ कसोटींत १७० बळी त्याने घेतले होते. यांतील बहुतेक सामने त्याने मायदेशी, फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्ट्यांवर खेळले, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे.

करंडक स्वीकारल्यावर रहाणेने तो प्रथम नटराजनच्या हाती दिला. त्याआधी त्याने लायनला शंभराव्या कसोटीबद्दल सर्व भारतीय खेळाडूंच्या सह्या असलेला सदरा भेट दिला. नटराजन मधोमध करंडक धरून उभा आहे, असे ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. २०२५ संपेपर्यंत तो दुसरी कसोटी खेळलेला नव्हता. त्याच्या नावावर कसोटीत तीन बळी आहेत : वेड, लाबुशेन आणि हेझलवुड. तिन्ही ब्रिस्बेनच्या पहिल्या डावातले.